ठाण्यातले घड्याळवाले काका: जुन्या पायलट क्रोनोग्राफची कुंडली सांगतात, पण हातात वेळ ठेवून जा

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. काकांनीच दम भरलाय, नाव टाकलंस तर पुढच्या वेळी तुझं घड्याळ हातात धरणार नाही म्हणाले. मध्यंतरी कोणीतरी त्यांच्यावर रील केली आणि महिनाभर स्मार्टवॉचचे पट्टे बदलायला रांग लागली, तेव्हापासून ते वैतागलेत. तर एवढंच सांगतो की ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, चार फुटी गाळा, शेजारी झेरॉक्सवाला आणि दारात कायम कोणाची तरी ॲक्टिव्हा आडवी लावलेली. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगला फिरता फिरता तलावपाळीला तीन चकरा होतात. मी ऐरोलीहून ट्रेननेच गेलो.

दोन घड्याळं घेऊन गेलो होतो. एक माझं, ऑनलाइन साडेसव्वीस हजाराला घेतलेलं, विकणाऱ्याने लिहिलं होतं की १९५० सालचं एअरफोर्स पायलटचं ओरिजिनल स्विस क्रोनोग्राफ (म्हणजे ज्यात स्टॉपवॉचही असतं असं घड्याळ), कंडिशन एक नंबर. दुसरं मामाचं. मामा एअरफोर्समध्ये टेक्निशियन होते, रिटायर होऊन आता कळव्याला असतात, त्यांच्याकडे एक रशियन घड्याळ आहे जे मी लहानपणापासून बघतोय आणि खरं सांगायचं तर कधी भाव दिला नाही, कारण त्याचं क्रोम उडालंय आणि कडेला पितळ दिसतं. मामांना म्हटलं चला तुम्हीपण, तुमचंही दाखवून घेऊ. मनात अर्थातच हे की काका माझं घड्याळ बघून चाट पडतील आणि मामा बघत राहतील.

काकांनी माझं घड्याळ हातात घेतलं आणि आधी भिंग लावलंच नाही. दोन्ही बटणं दाबून बघितली. मी लगेच सांगितलं, काका वरचं बटण जरा बिघडलंय, क्रोनो चालू होतो पण वरच्या बटणाने थांबतच नाही, खालचं दाबलं की थांबतो आणि परत खालचं दाबलं की शून्यावर येतो, एवढं तेवढं करून द्या.

काका हसले. "अरे, बटण बिघडलेलं नाहीये. लँडेरॉन आहे हे, आतलं मशीन बनवणारी स्विस कंपनी. वरचं बटण फक्त चालू करायला, थांबवायला आणि झिरो करायला खालचं. त्यांचं ४८ नंबरचं मशीन असंच चालतं."

मी म्हटलं पण डायलवर तर ब्राइटलिंग या मोठ्या स्विस कंपनीचं नाव आहे, पंख आहेत, स्लाइड रूल आहे. यावर त्यांनी जे सांगितलं ते सगळं लिहितो, कारण असं काही घ्यायच्या विचारात असाल तर कामाला येईल. ब्राइटलिंगचं नॅव्हिटायमर नावाचं घड्याळ आलं १९५२ ला, अमेरिकेतल्या विमानमालक आणि पायलट लोकांची जी एओपीए नावाची संघटना आहे तिच्यासाठी, ते पंख तिथूनच आले. कडेला जो आकड्यांचा स्लाइड रूल असतो तो शोभेला नाही, बाहेरची रिंग फिरवून पायलट लोक हिशोब करायचे, किती इंधन जळलं, या स्पीडने अजून किती मैल जाता येईल, सगळं. माझ्या घड्याळात तो स्लाइड रूल डायलवर नुसता छापलेला होता आणि रिंग फिरतच नव्हती! काका म्हणाले हे म्हणजे कॅल्क्युलेटरचं चित्र झालं. दुसरं म्हणजे त्या काळातल्या नॅव्हिटायमरमध्ये छोट्या तबकड्या तीन असतात, सुरुवातीला आत व्हॅल्जू ७२ मशीन आणि नंतर व्हीनस १७८. माझ्यात दोनच. हे मला आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं हो, मला वाटलं दुर्मिळ मॉडेल असेल. लोभ माणसाला आंधळा करतो म्हणतात तसं झालं होतं.

आणि खरी मजा डायलच्या तळाला. सहाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं टी स्विस टी. काकांनी भिंग माझ्या डोळ्याला लावायला दिलं आणि विचारलं काय वाचतोस, मी वाचलं, म्हणाले मग हे १९५० चं कसं? ते टी म्हणजे ट्रिशियम. अंधारात चमकायला आधी रेडियम लावायचे, साठच्या दशकात ते बंद पडत गेलं आणि ट्रिशियम आलं, मग डायलवर टी छापायला लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेही गेलं आणि आजचं सुपर लुमिनोव्हा आलं. म्हणजे टी दिसला की घड्याळ साठच्या दशकाच्या आधीचं नाही किंवा डायल तरी नंतरचा आहे, दोन्हीपैकी एक. तोंडपाठ करून ठेवलंय मी आता.

त्यात ट्रिशियमचं अर्धं आयुष्य सव्वाबारा वर्षांचं, म्हणजे खरा जुना ट्रिशियम आता चमकायला नकोच. काकांनी किल्लीच्या जुडग्याला असते तशी छोटी यूव्ही टॉर्च मारली तर माझ्या घड्याळाचे आकडे गणपतीच्या लायटिंगसारखे पेटले. वरून जो जुनाट पिवळा रंग होता, ज्याच्यावर मी भाळलो होतो, तो म्हणे चहाचा रंग. खरोखर चहाचा की रंगाचा हे माहीत नाही, पण ते "चहा पाजलाय याला" असंच म्हणाले.

रेडियमचं एक वेगळं सांगितलं ते महत्त्वाचं आहे. जुना रेडियमचा डायल अंधारात चमकत नाही म्हणून तो मेला असं समजून खरवडायला जाऊ नका. मरतं ते चमकणारं केमिकल, रेडियम तसंच्या तसं असतं, त्याचं अर्धं आयुष्य सोळाशे वर्षं आहे. तसलं घड्याळ आलं तर काका झाकण उघडायच्या आधी मास्क लावतात आणि डायलला हात लावत नाहीत. आपल्याकडे किती दुकानांत हे पाळतात, देव जाणे.

मागचं झाकण उघडलं तर बॅलन्सच्या (झोके घेणाऱ्या चाकाच्या) खाली, प्लेटवर, लँडेरॉनचा शिक्का आणि ४८. म्हणजे बटणं दाबून सांगितलेलं बरोबर निघालं. हे मशीन १९३७ पासूनचं, लाखोंनी बनलं, कितीतरी छोट्या कंपन्यांनी आपापल्या नावाने विकलं, त्यामुळे वाईट नाही पण दुर्मिळही नाही. कोणा बिचाऱ्याचं साधंसुधं स्विस क्रोनोग्राफ होतं, त्याचा डायल धुऊन वर मोठ्या कंपनीचं नाव छापलंय. काका म्हणाले नशीब समज, आत चायनीज सी-गल मशीन नाही निघालं. ती पण गंमतच आहे, व्हीनसने आपल्या १७५ मशीनची यंत्रसामग्री चीनला विकून टाकली, त्यावर चिनी लोकांनी साठच्या दशकात स्वतःच्या एअरफोर्ससाठी क्रोनोग्राफ बनवलं, आणि त्याचाच वंशज एसटी१९ आज नवीन मिळतो आणि जुन्याच्या नावाखाली खपतो. दिसायला सुंदर असतो पण. उघडल्यावर हरखून जाऊ नका एवढंच.

मी विचारलं, किंमत? म्हणाले मशीनचे सात-आठ हजार, डायलचे शून्य. मग मी विचारलं निदान दुसरा चांगला डायल छापून मिळेल का, तर माणूस एकदम कडक झाला. तसलं काम इथे होत नाही. परदेशातले घड्याळ जमवणारे लोक आपल्याकडून जाणाऱ्या असल्या रंगवलेल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, एचएमटी, फावर ल्युबा, सायको (जपानी Seiko), कशालाच सोडलेलं नाही, भडक निळे-केशरी डायल करून पाठवतात. "डायल आहे तसा राहू दे, खोटं आहे ते दिसलं पाहिजे." मला राग आला तेव्हा. साडेसव्वीस हजार गेलेला माणूस काय हसणारे?

मध्येच एक बाई सायको घेऊन आल्या, सासऱ्यांचं, दुबईहून आणलेलं, पिवळ्या डायलचं ६१३९. काकांनी मागचा नंबर वाचून जागेवर सांगितलं, १९७४ चा मार्च. सायकोचं सोपं असतं, सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, फक्त दशक कुठलं ते मॉडेलवरून ओळखायचं. ६१३९ आलं १९६९ ला, म्हणून ४ म्हणजे ७४ च. असंच पिवळं घड्याळ विल्यम पोग नावाचा अमेरिकन अंतराळवीर ७३ मध्ये स्कायलॅबवर स्वतःच्या हाताला बांधून गेला होता, म्हणून या मॉडेलला पोग म्हणतात. बाई म्हणाल्या, अहो मला फक्त चालू करून हवंय.

मग मामांचं निघालं. मामा आतापर्यंत स्टुलावर गप्प बसून होते. घड्याळ रुमालात गुंडाळलेलं. काकांनी ते उघडलं आणि खरं सांगतो, आवाजच बदलला त्यांचा. "साहेब, हे कुठून आलं तुमच्याकडे?"

मामांची गोष्ट मला पाठ आहे पण तिथे परत ऐकली. मिग-२९ आपल्याकडे आली १९८७ ला, पहिली पुण्याला लोहगावला, त्याआधी आपले पायलट आणि टेक्निशियन ट्रेनिंगला सोव्हिएत युनियनला गेले होते, त्यात मामा होते. तिथल्या एका मेकॅनिकने दोन किलो चहा आणि एका स्वेटरच्या बदल्यात हे दिलं. आपल्या चहासाठी तेव्हा ती लोकं वेडी होती म्हणे.

डायलवर रशियन अक्षरात लिहिलंय ते काकांनी वाचलं, श्टुर्मान्स्की. मामांनी लगेच उच्चार दुरुस्त केला, श्तुर्मान्स्किये, आणि श्तुर्मान म्हणजे पायलट नव्हे, नॅव्हिगेटर. काका म्हणाले मला रशियन येत नाही साहेब, घड्याळावरची अक्षरं तेवढी येतात. याच नावाचं साधं घड्याळ, क्रोनोग्राफ नाही, गागारिनच्या हातात होतं १९६१ च्या उड्डाणात. हे क्रोनोग्राफवालं नंतरचं, मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्याचं, पोल्योत कंपनी.

वय कसं काढलं ते ऐका. सहाच्या आजूबाजूला स्देलानो व एसएसएसआर, म्हणजे सोव्हिएत युनियनमध्ये बनलेलं, म्हणजे ९१ च्या आतलं. नाव रशियन लिपीत, परदेशी विकायला बनवलेल्यांवर इंग्रजीत पोल्योत असतं, म्हणजे हे बाहेर पाठवायला बनलेलंच नव्हतं. मग त्यांनी क्राउन (चावी द्यायचं बटण) ओढला आणि डावीकडचा छोटा सेकंद काटा जागेवर थांबला. हे बघून काका मान हलवायला लागले. पोल्योतचं नेहमीचं मशीन ३१३३, त्यात क्राउन ओढला तरी सेकंद काटा चालत राहतो. थांबतो तो ३१६५९ मध्ये, ते खास सैन्यासाठी, सगळ्यांनी एका सेकंदाला घड्याळं जुळवायची म्हणून. झाकण उघडल्यावर नंबर तोच निघाला.

आणि माझ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हे रशियन मशीनही मुळात स्विसच. व्हॅल्जू ७७३४ बनवायची साधनं रशियनांनी सत्तरच्या दशकात विकत घेतली आणि त्यात स्वतःचे बदल केले. स्विस मशीन तासाला १८,००० ठोके, १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), रशियनांनी ते २१,६०० आणि २३ वर नेलं. काकांनी घड्याळ टायमिंग मशीनवर ठेवलं, स्क्रीनवर २१,६०० दिसलं, पण दिवसाला ७० सेकंद मागे, आणि ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, १९० अंश. तेल वाळलंय म्हणाले.

मग टॉर्च. डायलवरचे ठिपके मेलेले, आणि तास-मिनिट काटे हिरवेगार चमकले. शिवाय मिनिट काटा कडेच्या रेघांपर्यंत पोचतच नव्हता, चांगला एक मिलिमीटर आखूड. काका म्हणाले काटे बदललेत. मामा म्हणाले शक्यच नाही, ३५ वर्षांत कोणी हात लावलेला नाही. काकांनी झाकण आतून दाखवलं, सुईने कोरलेलं, १२-३-९६ आणि शेजारी एक सही. जुने कारागीर दुरुस्तीची तारीख अशी झाकणाच्या आत कोरून ठेवतात. मामा दोन मिनिटं बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. ९६ ला ते ओझरला होते, तिथल्या बेस रिपेअर डेपोत. नाशिकमध्ये एकाकडे दिलं होतं. साफ विसरले होते.

आता रिव्ह्यूच करायचा तर नीट करतो. उघडून तपासायचे ५०० घेतात, काम दिलं तर त्यातून वजा. ओव्हरहॉलिंगचे ४८००, (काका त्याला ओव्हरऑईलिंग म्हणतात, त्यांच्या पिढीतले सगळेच म्हणतात), क्रोनोग्राफसाठी हा रेट मला वाजवी वाटला कारण पार्ट जास्त, डोकेदुखी जास्त. मामांचं परत मिळालं तेव्हा मशीनवर दाखवून दिलं, दिवसाला ९ सेकंद पुढे, ॲम्प्लिट्यूड २६५. स्वतःची तारीख झाकणात कोरत नाहीत, वहीत लिहितात. क्रोम परत चढवून द्या असं मी म्हटलं होतं, नाही म्हणाले, पॉलिश पण नाही, कडा गोल झाल्या की घड्याळाचा चेहरा जातो. हे नाही म्हणणं मला पहिल्या दिवशी उद्धटपणा वाटलं, आता त्यांच्याकडे जायचं कारणच ते वाटतं. ज्या दुकानात सगळ्याला हो म्हणतात तिथून घड्याळ नवीन होऊन येतं आणि कोणाचं होतं तेच कळत नाही.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. तीन आठवडे सांगून सात लावले. फोन उचलत नाहीत, मेसेजवर निळी टिक येते, उत्तर येत नाही. दुपारी एक ते साडेचार शटर खाली, मंगळवार बंद, हे बाहेर कुठेही लिहिलेलं नाही, मला दोन फेऱ्या पडल्या (एका फेरीत मामलेदारची मिसळ झाली म्हणून वसूल). किंमत तोंडी सांगतात, कागदावर देत नाहीत, त्यामुळे इन्शुरन्स वगैरेसाठी हवं असेल तर इथे काही उपयोग नाही. आणि किमतीच्या बाबतीत मी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. मामांच्या घड्याळाचे, काटे बदललेले धरून, वीस ते पंचवीस हजार म्हणाले, मूळ काटे असते तर तीसच्या पुढे. आणि त्याच दमात "विकायचं असेल तर आधी मला सांगा". जो किंमत सांगतो तोच घ्यायला तयार असेल तर तो आकडा थोडा खालचाच धरायचा, काका कितीही सज्जन असले तरी. काय आहे, काय बदललंय, कधीचं आहे, हे त्यांच्याकडून घ्या, भाव मात्र अजून दोन ठिकाणी विचारा. पाचपैकी चार स्टार. एक फोनसाठी कापला.

सात आठवडे लागण्याचं एक कारण मला घ्यायला गेलो तेव्हा कळलं. काकांनी कुठून कुठून विचारून मूळ काट्यांची जोडी मिळवली होती, प्लास्टिकच्या पुडीत, मिनिट काटा बरोबर लांबीचा, चमक मेलेली, डायलच्या ठिपक्यांसारखीच. बाराशे रुपये. चेहऱ्यावर असा आनंद की लहान पोरासारखा. बसवायच्या आधी साहेबांना विचारू म्हणून थांबले होते.

मामा म्हणाले नको.

काकांना वाटलं पैशाचं आहे, म्हणाले हजार द्या. मामा म्हणाले पैशाचं नाही हो, मला आता सगळं आठवलं, ते काटे मीच बदलून घेतले होते. नाइट शिफ्टला हँगरच्या बाहेर अंधारात जुन्या काट्यांत वेळ दिसायची नाही, म्हणून त्या नाशिकवाल्याला म्हटलं चमकणारे कुठले असतील ते टाक, आखूड तर आखूड. अजून रात्री पाण्याला उठतो तेव्हा दिसतात.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाच-सात हजार पाण्यात घालताय साहेब, असं पुटपुटले आणि आखूड काट्यांसकट घड्याळ मामांच्या हाताला बांधलं. पुडीचे बाराशे मात्र घेतलेच, माझ्याकडून, यूपीआयने. ती पुडी आता माझ्या लँडेरॉनच्या डब्यात पडून आहे.